मदत हवी आहे: ऱ्हायनो या 3D सॉफ्टवेअरमध्ये वक्र, झुकलेल्या काचेवर मुलियन (काचांमधले उभे दांडे) पिळताहेत

नमस्कार मंडळी,

धुळ्यातल्या एका कापड दुकानाच्या दर्शनी भागाचं काम जळगावच्या ऑफिसातून करतोय. दक्षिणमुखी काच, 6 मीटर उंच, प्लॅनमध्ये कंसाकृती. खालच्या कंसाची त्रिज्या 9 मीटर, दोन टोकांतलं सरळ अंतर 11 मीटर. वरचा कंस त्याच टोकांवर बसतो, पण मधोमध 90 सेंटीमीटर जास्त पुढे येतो. हा झुकाव मला सोडायचा नाही. मे महिन्यात भरदुपारी आपल्याकडे सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा एवढ्यानेही काचेवर थेट ऊन पडत नाही.

दोन्ही कंस लॉफ्ट केले (मध्ये पृष्ठभाग ताणला), दोन्हींचे दहा-दहा समान भाग पाडून बिंदू जोडले आणि 60 बाय 120 मिलिमीटरचा सेक्शन (मुलियनचा आडवा छेद) त्या रेषांवरून स्वीप केला, म्हणजे फिरवत नेला. मधला मुलियन बरोबर येतो, कडेला जावं तसा पीळ वाढतो. स्वीपमधला रोडलाइक पर्याय (सेक्शनची दिशा कायम ठेवणारा) लावला की पीळ जातो, पण मग काच सेक्शनवर नीट टेकत नाही, एका बाजूला फट राहते. पिळलेलं ॲल्युमिनियम आणि वाकवलेली काच जमणार नाही, असं फॅब्रिकेटरने स्पष्ट सांगितलंय. त्रिकोणी तुकडे दुकानदाराला नकोत. काय करावं?

उत्तर:

भाऊ, स्वीपच्या सेटिंगमध्ये शोधू नका, गडबड कंसांतच आहे. तुमच्या आकड्यांनी खालचा कंस साधारण 75 अंशांचा होतो आणि वरचा 107 चा. म्हणजे टोकाला वरची स्पर्शिका खालचीपेक्षा 16 अंश फिरलेली. शेवटच्या मुलियनला दिसतो तो पीळ हाच. जोडलेल्या बिंदूंच्या स्पर्शिका समांतर असल्या की पीळ उरत नाही आणि काचेचे चारही कोपरे एका प्रतलात येतात.

खालचाच कंस कॉपी करून 6 मीटर वर, 90 सेंटीमीटर पुढे ठेवा. सगळे मुलियन एकाच लांबीचे आणि समांतर होतील. दोन्ही कडांना एकेक त्रिकोण उघडा पडेल, तेवढे दोन मात्र उभ्या सपाट काचेने बंद करावे लागतील. बाजूला अर्ध्या मीटरच्या वर जागा असेल तर 9.9 मीटर त्रिज्येचा समकेंद्री कंस त्याहून चांगला, सगळ्या काचा एकाच मापाच्या निघतात.

सेक्शन मग सरळ एक्स्ट्रूड करा, म्हणजे न फिरवता एकाच दिशेत ओढा. 120 ची बाजू शेजारच्या दोन काचांमधला कोन दुभागेल अशी फिरवून घ्या.

प्रश्नकर्ता:

खूप आभार! समकेंद्री जमणार नाही, शेजारच्या दुकानाची भिंत लागूनच आहे. कॉपी केलेल्या कंसावर सगळ्या काचा सपाट आल्या. टोकाच्या काचेचा कोपरा 85 अंशांचा येतोय, तसं कापून देतो म्हणाला फॅब्रिकेटर. कडेच्या त्रिकोणांचं दुकानदाराशी उद्या बोलतो.