टेबल फंक्शनवर आपलं रॅपर घालावं का? माझं मत: घालावंच

रेणूवेडी_पुणे:
ओपनएमएमवर (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) प्रथिनांची कोर्स-ग्रेन मॉडेल्स (अनेक अणूंचा मिळून एक मणी धरलेली) चालवते, पाच वर्षं झाली. परवा ग्रुप मीटिंगमध्ये रॅपरचा, म्हणजे तयार कोडवर घातलेल्या आपल्या थराचा, तोच वाद परत निघाला म्हणून इथे टाकतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओपनएमएममध्ये कस्टम फोर्सचं सूत्र नुसतं टाइप करून देता येतं, आणि जे सूत्रात बसत नाही ते आकड्यांच्या तक्त्यातून द्यायचं, त्यासाठी टेबल फंक्शनचे कंटिन्युअस (मधल्या किमतीही काढणारे) आणि डिस्क्रीट (फक्त दिलेलेच आकडे देणारे) असे दोन प्रकारचे क्लास आहेत, एक ते तीन मितींचे. मुळात सगळं सी++ मध्ये आहे आणि स्विग नावाचं साधन वापरून ते पायथनला जोडलंय. म्हणजे एक रॅपर आधीच आहे, मग त्यावर आपलं दुसरं कशाला, असं सर म्हणतात.

कशाला ते सांगते. डिस्क्रीट-टूडी ला आकडे एका सपाट लिस्टमध्ये द्यावे लागतात आणि क्रम असा असतो की आय, जे ची किंमत 'आय अधिक एक्स-साईझ गुणिले जे' या जागी. फोरट्रानचा क्रम, पहिला इंडेक्स आधी फिरतो. नमपायचा (पायथनची ॲरे लायब्ररी) फ्लॅटन मात्र सी च्या क्रमाने, शेवटचा इंडेक्स आधी फिरवून, लिस्ट काढतो. आता 20 बाय 20 चा अमिनो आम्लांचा तक्ता सममित असतो, त्यामुळे क्रम चुकला तरी काहीच बिघडत नाही, सगळे टेस्ट पास, आणि आपल्याला वाटतं की जमलं. मग माझ्या ज्युनिअरने 20 बाय 3 चा तक्ता त्याच पद्धतीने घातला, अमिनो आम्ल आणि रचनेचा प्रकार. आकडे 60 च्या 60, एरर नाही, वॉर्निंग नाही, सिम्युलेशन धावतंय. सहा आठवडे धावलं!! पोरगी रडायच्या बेताला आली होती. चार ओळींच्या रॅपरने ॲरे जसाच्या तसा घेऊन क्रम स्वतः लावला असता तर हे झालंच नसतं.

जुना_सीपीपी:
ताई, त्रास समजतो पण उपाय पटत नाही. क्रम डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलाय. रॅपर घातलं की पुढची पोरं डॉक्युमेंटेशन उघडतच नाहीत, त्यांना वाटतं ॲरे दिला की झालं, आणि उद्या दुसऱ्या लॅबचा कोड वाचायची वेळ आली की तिथे तोच खड्डा, फक्त आता तो ओळखायची सवय नाही. शिवाय रॅपर लिहिणारा पीएचडी संपवून जातो तेव्हा ते कोण सांभाळणार? 2021 मध्ये 7.6 आलं आणि इम्पोर्टमधलं सिमटीके हे जुनं पॅकेज-नाव बदललं तेव्हा आमच्याकडची अशीच दोन अनाथ रॅपरं बंद पडली, नेटिव्ह, म्हणजे ओपनएमएमचेच क्लास थेट वापरणाऱ्यांनी एक ओळ बदलली आणि कामाला लागले.

रेणूवेडी_पुणे:
एक ओळ, पण किती फायलींत? आमच्याकडे ती एकाच फाईलमध्ये बदलली, रॅपरच्या. बाकीच्या स्क्रिप्टना हातही लावावा लागला नाही.

लॅम्प्स_वरून_आलो:
मी दोघांपेक्षा वेगळ्या गोष्टीने पोळलोय. आमची टेबलं बोल्ट्झमन इन्व्हर्जनमधून येतात, म्हणजे जी ऑफ आर (आर अंतरावर दुसरा मणी सापडण्याचं प्रमाण) चा लॉग घ्यायचा, उणे केटी (तापमानाशी जोडलेली ऊर्जा) ने गुणायचं. जवळच्या अंतरावर जी शून्य असते, लॉग काढताच येत नाही, म्हणून आमचं टेबल 0.35 नॅनोमीटरपासून सुरू. लॅम्प्समध्ये (असंच दुसरं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) दोन मणी त्याच्या आत गेले की ते सरळ थांबतं, अंतर टेबलच्या आतल्या कटऑफपेक्षा कमी आहे म्हणून एरर देतं. ओपनएमएमचं कंटिन्युअस-वनडी रेंजच्या बाहेर शून्य देतं. शून्य! म्हणजे मण्यांना तिथे ढकलणारं काहीच नाही, एकदा आत घुसले की एकमेकांवर बसून राहतात. वरच्या टोकालाही तेच, शेवटचा आकडा शून्यावर आणला नसेल तर तिथे ऊर्जा एकदम उडी मारते. आणि लॅम्प्सच्या फाईलमध्ये किलोकॅलरी आणि अँगस्ट्रॉम, इथे किलोज्यूल आणि नॅनोमीटर, 4.184 ने गुणायचं विसरलं की संपलं. मी ताईंच्या बाजूने आहे.

जुना_सीपीपी:
पण हे शून्य म्हणजे बग नाही, ठरवून दिलेलं वागणं आहे आणि काही ठिकाणी नेमकं तेच हवं असतं. तुम्ही रॅपरमध्ये आतल्या बाजूला स्वतःचं एक्स्ट्रापोलेशन (टेबलबाहेरचे अंदाजी आकडे) घुसवलंत की पेपरमध्ये लिहिलेलं टेबल आणि खरं चाललेलं टेबल वेगळं झालं. ते भौतिकशास्त्र आहे, कुठल्यातरी हेल्पर फाईलमध्ये लपवायची गोष्ट नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये उघड लिहा, रिव्ह्यूअरला दिसू दे.

लॅम्प्स_वरून_आलो:
हे मात्र खरंय. माझं रॅपर गुपचूप वाढवतं, ते बदलतो.

पीएचडी_चौथंवर्ष:
मला विचाराल तर मोठ्या रॅपरचा तोटा मी भोगलाय. आमच्या सीनियरने एक भला मोठा टेबल क्लास लिहिला होता, त्यात कॅशे, प्लॉटिंग, सगळं. त्यात एकच ऑब्जेक्ट दोन फोर्सना द्यायची सोय केली होती. पण टेबल एकदा फोर्सला जोडलं की त्याची मालकी फोर्सकडे जाते, तेच दुसऱ्याला दिलं की पायथन अडवतं, ऑब्जेक्ट आता तुमचं नाही म्हणून. त्या एररपर्यंत पोचायला मला तीन थर खोदावे लागले, दोन दिवस गेले. नेटिव्हवर ती चूक मला पहिल्याच ओळीत कळली असती.

रेणूवेडी_पुणे:
तसलं रॅपर मलाही नको रे. माझं म्हणणं एवढंच, जिथे नेटिव्ह स्वतः ओरडतं तिथे मध्ये पडू नका. मालकीची चूक ते सांगतं, पिरिऑडिक (पुन्हा पुन्हा तेच येणाऱ्या) टेबलचं पहिलं आणि शेवटचं टोक जुळलं नाही तर तेही सांगतं. पण क्रम चुकला तर गप्प, रेंज कमी पडली तर गप्प, एकक चुकलं तर गप्प. डिस्क्रीटमध्ये इंडेक्स बाहेर गेला तर उत्तर काय येईल याची खात्रीच नाही असं डॉक्युमेंटेशनच म्हणतं. या चार जागा. रॅपरने टेबल बदलू नये, फक्त बघावं आणि नाही पटलं तर थांबावं.

जुना_सीपीपी:
मग त्याला रॅपर म्हणू नका, टेस्ट म्हणा. 2 बाय 3 चा असममित तक्ता घ्या, सहा वेगळे आकडे भरा, प्रत्येक जागेची ऊर्जा काढून हाताने काढलेल्याशी ताडून पाहा. ओपनएमएमच्या रेफरन्स प्लॅटफॉर्मवर (पडताळणीसाठीची साधी आवृत्ती) सेकंदही लागत नाही. नव्या पोराकडून पहिल्या आठवड्यात हीच टेस्ट लिहून घ्या, क्रम जन्मभर लक्षात राहील.

रेणूवेडी_पुणे:
टेस्ट घेते, उद्याच लिहायला लावते. पण दादा, टेस्ट त्या दिवशीच्या तक्त्याची होते. माझ्या ज्युनिअरचा तक्ता चार महिन्यांनी आला होता, टेस्ट केव्हाच पास होऊन बसली होती. तपासणी तक्ता जिथून आत जातो त्या दारातच हवी, म्हणून माझं रॅपर राहणार.