मदत हवी आहे : एकट्या पडलेल्या पोरांवरचे कमी खर्चातले विज्ञानपट

नमस्कार मंडळी. आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातले अकरावीचे काही पोट्टे सुट्टीत लघुपट करताहेत. शाळेत कुणाशी न बोलणारी, घरी रोज भांडणं ऐकणारी मुलगी. रात्री तिला कोराडीच्या वीजकेंद्राकडून कुणीतरी हाक मारतं. गोष्ट खरंच चांगली आहे. कॅमेरा म्हणजे मोबाइल, आणि पैसे जवळपास नाहीत.

आधी त्यांना चांगले नमुने दाखवायचे आहेत. 'डॉनी डार्को' (२००१) मी पाहिलाय. २८ दिवसांत चित्रित झालेला, पण अस्वस्थ मुलाच्या मनातली भीती शेवटपर्यंत सोडत नाही. 'क्रॉनिकल'मध्ये (२०१२) बापाचा मार खाणारा अँड्र्यू स्वतःच कॅमेरा घेऊन फिरतो, त्यामुळे कच्ची, हलती दृश्यं खटकत नाहीत. मोबाइलवाल्यांनी हे नक्की उचलावं. उडण्याची दृश्यं मात्र आपल्या आवाक्याबाहेरची. सगळ्यात जवळचा वाटतो तो 'द व्हास्ट ऑफ नाइट' : टेलिफोन एक्सचेंजवर बसलेली शाळकरी मुलगी, रेडिओ आणि एक विचित्र आवाज. परग्रहवासी फारसे न दाखवताही अंगावर काटा येतो.

असे आणखी चित्रपट सुचवा ना, शक्यतो मुलगी मध्यवर्ती असलेले. मराठी किंवा हिंदी लघुपट असेल तर फारच छान. सोळा वर्षांच्या मुलांना दाखवण्याजोगा आहे का, तेही लिहा.

आणि नागपुरात कुणी ध्वनिमुद्रणाचं काम करत असेल, तर एक संध्याकाळ या मुलांना द्याल का? आवाज नीट जमला नाही तर त्यांची गोष्टच उभी राहणार नाही.