मदत हवी आहे: देवगडच्या खाऱ्या हवेत गंजलेली १९९० ची टाटा मोबाईल पिकअप घरीच उभी करतोय, चासीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला कसा मागायचा म्हणून लिहितोच.

वडिलांची १९९० ची टाटा मोबाईल २०६ आहे. टेल्कोने (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने) १९८८ ला काढलेली ती पिकअप, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, पाच गिअर, पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा), मागे पाटे (कमानी). पुढे १९९१ ला टाटाचीच सिएरा आली ती हिच्यावरूनच बेतलेली. आमचं मूळ गाव देवगड तालुक्यात, वडील सीझनला हापूसच्या पेट्या भरून रात्री निघायचे, फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी करत पहाटे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गाडी लावायचे. मी शाळेत असताना मे महिन्यात कितीतरी वेळा सोबत गेलोय, वडिलांशेजारी बसायचं आणि अख्ख्या केबिनमध्ये पेंढा आणि पिकत आलेल्या आंब्याचा वास. घाटात सेकंड गिअरला इंजिन ज्या सुरात चढायचं तो सूर मला आजही ओळखू येतो.

२०१३ पासून गाडी बागेत मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) कडेला उभी होती. समुद्र तिथून दोन किलोमीटरवर, वर आंब्याची झाडं, खाली पाचोळा, आणि कोकणातला पाऊस. यंदा जानेवारीत ती दुसऱ्या गाडीवर घालून कोल्हापूरला आणली, घरामागे पत्र्याची शेड आहे तिथं विटांवर नाही, नीट चार लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलीय. वडील आता ७६ वर्षांचे, पायाने अधू झालेत, रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. गाडी विकायची नाही, धंद्याला लावायची नाही, ते एवढंच म्हणाले, "माका तिचो आवाज एकदा आयकूक व्हयो."

आता अवस्था सांगतो. इंजिन वाटलं होतं तेवढं वाईट नाही, हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडलं, आठ दिवस तसंच ठेवलं, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूहळू पुढे-मागे केलं तर चौथ्या दिवशी पूर्ण फिरलं, त्या दिवशी घरात पेढे वाटले. डिझेलची टाकी काढलीय, आत नुसता गाळ. ते सगळं होईल, त्याची भीती नाही.

खरी भीती पत्र्याची आणि चासीची. केबिनचा फ्लोअर ड्रायव्हरच्या पायाखाली हात जाईल एवढा गेलाय, दोन्ही दारांखालचे फूटबोर्ड आतून पोकळ, पुढच्या काचेच्या रबराखाली गंज, हौद्याचा तळ मधे ठीक पण कडांना जाळी झालीय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने गंज न कापता वरून पत्र्याचा तुकडा ठिगळ म्हणून मारला होता आणि त्यावर लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून रंग दिला होता, तो तुकडा आता काढला तर मागे ओलसर भुगा होता, मूठभर निघाला. म्हणजे जिथं दुरुस्ती केली तिथंच सगळ्यात जास्त खाल्लंय. त्या कामाचे वडिलांनी तेव्हा पूर्ण पैसे दिले होते, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि चासी. डाव्या बाजूला मागच्या पाट्याचा पुढचा हँगर जिथं बसतो त्याच्या थोडं पुढे साधारण सहा इंच भागात खालच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हर दाबला तर आत गेला. बाकी चासी वायर ब्रश मारून बघितली, वरवरचा गंज आहे, खड्डे आहेत, पण आवाज भरीव येतो.

मी स्वतः फाउंड्रीत काम करतो त्यामुळे धातूची भीती नाही, ग्राइंडर हातात बसलेला आहे, सीओटू वेल्डिंग शिकलोय पण जाड मालावर, गाडीच्या पातळ पत्र्यावर अजून हात बसायचाय, दोनदा भोक पाडलं. आमच्याकडे शॉट ब्लास्टिंग मशीन (छऱ्यांच्या माऱ्याने गंज उडवणारं) आहे, छोटे ब्रॅकेट तिथं करून आणता येतील, पण केबिनचा पत्रा त्यात घालायची हिंमत नाही, वाकडा होईल असं वाटतं.

तर विचारायचं असं की चासीचा तेवढा भाग कापून नवीन तुकडा घालणं सुरक्षित आहे का, की दुसरी चासी शोधावी? केबिन उतरवावीच लागेल का? गंज घालवायला घरच्या घरी नक्की काय चालतं, कारण बाजारात दहा प्रकारच्या बाटल्या आहेत आणि प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो. आणि पावसाच्या आधी किती काम उघडं ठेवू? एका वर्कशॉपने फक्त बॉडीचे एक लाख ऐंशी हजार सांगितलेत, तेवढे नाहीत माझ्याकडे, आणि खरं सांगायचं तर असते तरी हे काम मला माझ्या हाताने करायचंय.

प्रतिसाद

दादा, सांगलीला माझं ट्रॉली-ट्रेलर फॅब्रिकेशनचं दुकान आहे म्हणून चासीपुरतं बोलतो. दुसरी चासी शोधू नका. चासी बदलली की चासी नंबर बदलतो आणि मग कागदाचा घोळ आयुष्यभर. सहा इंच भाग दुरुस्त होतो पण नीट करायचा. आधी छोटी हातोडी घ्या आणि दोन्ही बाजू टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा, चांगलं लोखंड टण्ण वाजतं, खाल्लेलं थप्प वाजतं, खडूने खुणा करा, मग कळेल सहा इंच आहे का दीड फूट. कापायच्या आधी चासी सपाट जागेवर लेव्हलला घ्या आणि दोन्ही कर्णांची मापं घेऊन भिंतीवर लिहून ठेवा, वेल्डिंगच्या ताणाने इंचभर ओढली तर गाडी आयुष्यभर एका बाजूला पळेल.

गंजलेलं कापताना चांगल्या लोखंडापर्यंत कापा, लाज बाळगू नका. तुकडा मूळ जाडीचाच घ्या. जाड प्लेट लावली की मजबूत होतं असा समज आहे पण मग ताण प्लेटच्या कडेला येतो आणि तिथं तडा जातो. बाहेरून आधाराची प्लेट लावाल तर तिची टोकं तिरकी कापा, पतंगाच्या आकारासारखी, चासीच्या लांबीला काटकोनात सरळ वेल्ड कधीच नको. वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेवर वेल्ड ओढू नका. आणि तो हँगरजवळचा वेल्ड तुम्ही स्वतः करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी सगळं तुम्ही कापा, तयार करा, टाके मारा, शेवटचा वेल्ड ट्रकच्या चासीचं काम करणाऱ्या माणसाला बोलवून मारून घ्या. त्यावर तुमचे वडील बसणार आहेत. टॉर्शन बारला तर वेल्डिंगचा हातही लावू नका, गॅसने तापवूही नका, त्याचा पीळच जातो.

केबिन उतरवाच. पण त्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे पाइप टाकून टाके मारा, नाहीतर फूटबोर्ड कापला की चौकट पसरते आणि मग दार लागत नाही. पातळ पत्र्याला सलग वेल्ड ओढू नका, एक टिपका इथं, एक तिथं, थंड होऊ द्या, पुन्हा. बॅटरी आणि आल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवा. आणि ती काढलेली डिझेलची टाकी कुणीही कितीही सांगितलं तरी रिकामी आहे म्हणून वेल्ड करू नका, आतला वास म्हणजेच बॉम्ब आहे.

प्रतिसाद

मी मूळचा साताऱ्याचा, गेली एकोणीस वर्षं डेट्रॉईटजवळ आहे. इथं हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, शहराच्या खाली मिठाची खाणच आहे, त्यामुळे इथल्या सगळ्या जुन्या पिकअप तुमच्या देवगडच्या गाडीसारख्याच खालून खाल्लेल्या असतात. मी एक जुनी शेवरले सी-१० गराजमध्ये केलीय, पाच वर्षं लागली.

मला उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगतो. नुसता गंज काढून उपयोग नाही, मीठ काढायला पाहिजे. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी क्षार बसलेले असतात, ब्लास्टिंगने पत्रा पांढराशुभ्र दिसला तरी ते राहतात, वरून प्रायमर मारला की हवेतली ओल ओढून घेतात आणि वर्षभरात रंगाला फोड येतात. म्हणून घासा, गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा, वाळवा, पुन्हा घासा, पुन्हा धुवा. धुतल्यावर तासाभरात जिथं पिवळट गंज पटकन उमटतो तिथं मीठ अजून आहे असं समजा. हे मी तीन-तीन वेळा केलं.

दोन पत्रे जिथं एकावर एक आहेत तिथला गंज फुगतो, कारण गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो पत्रे फाकवतो. तशी फुगलेली शिवण दिसली तर ती उघडायलाच हवी, वरून कुठलीही बाटली ओतून आत पोचत नाही.

बाटल्यांमध्ये मुख्य दोनच जाती. एक फॉस्फोरिक अॅसिडवाली, दुसरी टॅनिक अॅसिडवाली जी गंजाला काळं करते. दुसरीचं रसायन आपल्याकडे जुनंच आहे, हिरडा आणि हिराकस यांची पोथ्या लिहायची काळी शाई याच जातीची. पण दोन्ही फक्त उरलेल्या पातळ गंजावर चालतात, पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर नाही. त्यावर टू-पॅक (दोन घटक मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर. साधं रेडऑक्साईड एकटं ठेवू नका, ते पाणी पिऊन घेतं. शेवटी सगळं झाल्यावर फूटबोर्ड आणि चासीच्या पोकळ भागात आतून मेण किंवा घट्ट तेल फवारा आणि पाणी निथळायची भोकं उघडी ठेवा, तुमच्या गाडीत ती लांबीने बुजवलेली असणार बघा.

प्रतिसाद

कोल्हापुरात राहून काकवी कुणी सांगितली नाही? गुऱ्हाळावरून आणा, एक भाग काकवी आणि नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात, त्यात बिजागऱ्या, कड्या, ब्रॅकेट, बोल्ट बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जा. गंज विरघळतो, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. वास येतो, घरापासून लांब ठेवा. अॅल्युमिनियमचं काही टाकू नका, खाल्लं जातं, गिअरबॉक्सचं झाकणबिकण चुकूनही नाही. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच वाळवून तेल किंवा प्रायमर.

प्रतिसाद

कागदांचं बघितलंय का? पिवळ्या पाटीची असेल तर आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं आणि तुमची २०१३ पासून उभी आहे. टॅक्स किती थकलाय ते आधी आरटीओत जाऊन बघा, मग खर्च करा. २०२१ च्या व्हिंटेजच्या नियमात बसवू म्हणाल तर तिथं गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते आणि धंद्याची नसावी लागते, तुमची बसत नाही. आणि ब्लास्टिंग किंवा ग्राइंडिंगच्या आधी चासी नंबरवर ग्रीस लावून जाड टेप मारा. आरटीओत त्याचा पेन्सिलने ठसा घेतात, नंबर पुसट झाला तर एवढी सगळी मेहनत करून गाडी रस्त्यावर येणार नाही. रंगही मूळचाच द्या, बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण रोज थोडं थोडं काम चालू होतं.

चासी नंबरवर त्याच रात्री टेप मारला. हातोडीने वाजवत गेलो तर डावीकडे सहा इंचाचे अकरा इंच निघाले, उजवीकडे त्याच जागी चार इंच, जे मला आधी दिसलंच नव्हतं. केबिन मागच्या रविवारी उतरवली, चौकटीत पाइप टाकून, पाच जणांनी उचलली. कर्णांची मापं भिंतीवर आहेत. शिरोलीच्या बाजूला ट्रकची चासी दुरुस्त करणारे एक मिस्त्री येऊन बघून गेले, तुकडा तू तयार कर, वेल्ड मी मारतो म्हणाले, पैसेही वाजवी सांगितले. काकवीचं पिंप शेडच्या मागे भरलंय, दाराच्या कड्या पंधरा दिवसांत इतक्या स्वच्छ निघाल्या की वडिलांनी हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितल्या, एका कडीवर त्यांनी कधीतरी पेट्या मोजताना कानशीने मारलेल्या खुणा होत्या त्या परत दिसायला लागल्यात.

निथळायच्या भोकांचं अगदी खरं, चारही लांबीने बुजलेली होती.

पावसाचं असं ठरवलंय की मेअखेर चासी पूर्ण इपॉक्सीत घ्यायची आणि केबिन तोपर्यंत न घासता तशीच कोरडी झाकून ठेवायची, कारण उघडा पत्रा कोल्हापूरच्या जून-जुलैत एक रात्रही टिकणार नाही. इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेकच्या सगळ्या लाईन, होज आणि व्हील सिलिंडर नवीन. वरचा रंग मी मारणार नाही, टू-पॅक रंगाचा वास साध्या मास्कने थांबत नाही असं कामावरच्या सेफ्टीवाल्यांनी बजावलं आणि घरात लहान मुलं आहेत, ते पेंटरकडे बूथमध्येच.

आता अडलंय ते एका ठिकाणी. उजव्या टॉर्शन बारचा मागचा अॅडजस्टिंग बोल्ट जाम आहे, गॅस लावायचा नाही हे पक्कं, रोज डिझेल आणि गंज सुटायचा स्प्रे मारतोय, बारा दिवस झाले, हलत नाही, आणि जास्त जोर लावला तर डोकं गोल होईल अशी भीती वाटते. नट कापून काढला तर आतला पीळ एकदम सुटून बार उसळेल का? आधी पुढचा खालचा आर्म जॅकवर घेऊन ताण कमी करता येतो का, आणि कुठल्या क्रमाने? टाटाच्या जुन्या सिएरा, इस्टेट किंवा सुरुवातीच्या सुमोवर ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा, कारण हे कळेपर्यंत मी त्या बाजूला हात लावणार नाही.