मालिकेच्या निर्मात्यानेच कलाकारांची मॅनेजरकी करावी का?

माहुलीकर
साताऱ्याच्या आसपास मालिकांची शूटिंग होऊ लागल्यापासून इथल्या मुलामुलींना कामं मिळतात. काही करारांत एक कलम असतं: मालिका चालू असेपर्यंत बाहेरचे कार्यक्रम निर्मात्यामार्फतच. मला ते रास्त वाटतं. आठवड्याला सहा भाग, प्रत्येक भागात साधारण 22 मिनिटांची गोष्ट. भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, दोनवर आली की नायिकेचा अर्धा दिवसही सोडवत नाही. नवरात्रात विट्याला उद्घाटनाची सुपारी (पैसे घेऊन हजेरी लावायचं काम) घेतली आणि हातावर मेंदी काढून सेटवर आली, की कालच्या अर्धवट सीनची कंटिन्युटी गेली, म्हणजे दोन दिवसांचे शॉट एकमेकांशी जुळत नाहीत. मेंदी काही एका दिवसात जात नाही. तिच्या तारखांची डायरी आणि कॉलशीट (कुणी किती वाजता यायचं, कुठले सीन घ्यायचे याचा रोजचा कागद) एकाच्या हातात असली तर तो तिचे क्लोजअप सकाळीच उरकतो, समोरच्याचे नंतर चीट करून, म्हणजे ती समोर आहे असं भासवून, घेतो आणि तिला दुपारी चारला मोकळी करतो. अडीचशे किलोमीटरवर मुंबईत बसलेल्या मॅनेजरला आज कुठला सीन अडलाय हे कसं कळणार?

हरिपूरकर
तारखा सांभाळा की, कोण नको म्हणतंय! पण मॅनेजर म्हणजे कलाकाराच्या बाजूने भांडणारा माणूस. समजा मालिकेचं मानधन रोजचे 4,000 रुपये आणि महिन्याला 15 दिवसांची हमी, म्हणजे 60,000. त्यातून 20 टक्के कमिशन 12,000, टीडीएस 10 टक्के म्हणजे 6,000. उरले 42,000, तेही 90 दिवसांच्या उधारीवर. टीडीएस विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, कमिशन गेलं ते गेलं. आणि पैसे थकले तर तगादा कोण लावणार? थकवणारा आणि मॅनेजर एकच!

अमेरिकेत हे होऊन गेलंय. एमसीए ही मुळात कलाकारांची एजन्सी. 1952 मध्ये नटांच्या संघटनेने तिला टीव्ही कार्यक्रमांची निर्मिती करायचीही खास सूट दिली. शेवटी 1962 मध्ये सरकारी दाव्यापुढे तिला एजन्सी सोडावी लागली.

माहुलीकर
एमसीएकडे नावाजलेल्या नटांची फौज होती. पहिलीच मालिका करणाऱ्या कोरेगावच्या मुलीला मुंबईचा मॅनेजर विचारतही नाही. तिच्या सुपारीची बोलणी, गाडी, मुक्काम, आगाऊ रक्कम हे सगळं प्रॉडक्शनचाच माणूस बघतो. त्याची मेहनत फुकट का?

मेणवलीकर
फुकट नको, पण कमिशन फक्त त्याने आणलेल्या बाहेरच्या कामावर. मालिकेच्या मानधनाला हात नाही. खरी मेख दुसरीकडेच आहे. मालिकेचा ट्रॅक (कथानकाचा धागा) बदलतो, पात्र दोन महिने गावाला जातं. हमीचे दिवस करारात नसतील तर कमाई शून्य आणि बाहेरच्या कामाची बंदी मात्र कायम. म्हणून लिहून घ्या: सलग 15 दिवस शूटिंगचं बोलावणं नाही, तर बंदी आपोआप उठली.

मालिका संपल्यावरही दोन वर्षं आमच्याकडेच, असं असेल तर घाबरू नका. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं काम बघणारी कंपनी पर्सेप्ट डीमार्क यांच्या खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत संपल्यानंतरचं बंधन करार कायद्याच्या कलम 27 खाली रद्दबातल धरलं.

हरिपूरकर
कलम 27 कोर्टात चालतं. पुढच्या मालिकेत घ्यायचं की नाही हे तोच निर्माता ठरवतो, मग कोर्टात जाणार कोण? कमिशन घेणारा माणूस निर्मात्याच्या पगारावर नसावा, यावर मी ठाम आहे.

माहुलीकर
मग असा माणूस साताऱ्यातच बसवा. कॉलशीट आदल्या संध्याकाळी त्याच्याही हातात पडेल, इतकं प्रॉडक्शनकडून नक्की करून घेता येतं.