शब्दचर्चा : 'विकृती', 'वासना' की अजून काही?

डेव्हिड क्रोनेनबर्गच्या 'क्रॅश'वर लिहितेय (१९९६चा, ऑस्करवाला २००४चा 'क्रॅश' वेगळा) आणि एका शब्दावर अडून बसलेय. यातल्या माणसांची कामेच्छा मोटार अपघातांशी जोडलेली आहे, म्हणजे चेपलेला पत्रा, अंगावरचे व्रण, पायाला बांधलेल्या लोखंडी पट्ट्या, यानेच ती पेटतात. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये असल्या ओढीला 'सिंफोरोफिलिया' नाव दिलं होतं, ते मराठी वाचकाच्या माथी कसं मारणार? 'लिंगपिसाट' हा गुन्ह्याच्या बातमीतला शब्द, 'आंबटशौकीन' म्हणजे चोरून बघून मजा घेणारा, असला माणूस या सिनेमात औषधालाही नाही. राहिला 'विकृती', तो सगळ्यांच्या तोंडी आहे पण मला खटकतोय. जाणकारांनी सुचवा.

— विकृतीच म्हणा की, संकोच कसला? सिनेमा आला तेव्हा लंडनच्या पेपरांनी हेच म्हटलं, डेली मेलने बंदी घाला म्हणून पहिल्या पानावर मोहीम चालवली, वेस्टमिन्स्टर कौन्सिलने आपल्या हद्दीतल्या थेटरांत लागू दिला नाही. कान चित्रपट महोत्सवात धाडसासाठी स्पेशल ज्युरी प्राइझ मिळालं म्हणून शब्द बदलायचा का? ज्यांच्या घरचं माणूस हायवेवर गेलंय त्यांच्यासमोर याला 'वेगळी आवड' म्हणून बघा.

— 'वेगळी आवड' नकोच, तो गुळमुळीत शब्द आहे. पण विकृती या शब्दाची आपण पार शिवी करून टाकलीय. वेदपाठात जटा, माला, शिखा, घन अशा आठ विकृती, म्हणजे मंत्रातले शब्द उलटसुलट गुंफून म्हणायच्या पद्धती आहेत आणि घनपाठी माणसाला केवढा मान. आयुर्वेदात प्रकृती बिघडली की विकृती, म्हणजे जिच्यावर उपचार करायचे ती. आज 'तो विकृत आहे' म्हटलं की बोलणंच संपतं. ज्या कादंबरीवर हा सिनेमा आहे (जे. जी. बॅलार्ड, १९७३) तिचं हस्तलिखित वाचून प्रकाशकाच्या वाचकाने शेरा मारला होता की लेखक मानसोपचाराच्या पलीकडे गेलाय, छापू नका. त्याचंही बोलणं तिथेच संपलं.

डॉक्टरांनी मात्र वाट बदललीय. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या वर्गीकरणात निराळी कामेच्छा आणि आजार यांत फरक केलाय, स्वतःला त्रास किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच आजार. त्या हिशोबाने वॉन हे पात्र आजारी, कारण तो रस्त्यावरच्या लोकांच्या जिवावर उठलाय. पण गॅब्रिएल? तो शोरूमचा प्रसंग आठवा, दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या लावलेली ती नव्या कोऱ्या मर्सिडिजमध्ये शिरते, पट्टीचा हूक सीटच्या चामड्यात अडकतो, सेल्समन तो सोडवायला जातो आणि चामडं फाटतं. ती जराही ओशाळत नाही, उलट धडधाकट शरीरासाठी बनवलेल्या गाडीत आपण मावतो का हे तिला बघायचंय. तिला विकृत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझं मत 'वासना'. हिंदी सिनेमाच्या पोस्टरांनी तो शब्द बिघडवला, पण आपल्याकडे आजारी माणूस जेवत नसेल तर 'अन्नावर वासना नाही' असंच म्हणतात, पिंडाला कावळा शिवला नाही की 'कशात तरी वासना अडकलीय'. मुळात वासना म्हणजे मागे उरलेला ठसा. आणि सिनेमात तेच तर घडतं, नायक जेम्सची गाडी समोरून हेलन आणि तिच्या नवऱ्याच्या गाडीवर आदळते, हेलनचा नवरा जागच्या जागी जातो, मग बरा झाल्यावर जेम्स परत त्याच मॉडेलची गाडी घेतो आणि तो आणि हेलन एकमेकांकडे ओढली जातात. अपघात त्यांना सोडत नाही.

— वा, मग 'अपघातवासना' असा समास करते. विग्रह अपघाताची वासना असाही होतो आणि अपघातातून आलेली वासना असाही, मला दोन्ही हवेत. वॉनच्या परिच्छेदात 'विकृती' तशीच ठेवते. ब्रिटिश सेन्सॉरने १९९७ मध्ये एक वकील, एक गुन्हेमानसशास्त्रज्ञ आणि काही अपंग प्रेक्षक यांना दाखवून मग एकही कट न देता पास केला हेही त्यातच घालते.

— समासाला माझी हरकत नाही, शब्द चांगलाय. फक्त हेलनचा नवरा मेला हे वाक्य लेखात सुरुवातीलाच येऊ द्या, बरेच लोक या सिनेमावर पानंच्या पानं लिहितात आणि त्या माणसाचा उल्लेखसुद्धा करत नाहीत.