मदत हवी आहे: पोटावर पिशवी असताना आईला कापूस वेचायला जाता येईल का?

आम्ही दारव्हा तालुक्यातले, जि. यवतमाळ. आईचा गुदाशयाचा कॅन्सर ऑपरेशनने काढला, केमो संपली, तपासण्या चांगल्या येताहेत. गुदद्वारही काढावं लागल्यामुळे कोलोस्टोमी (आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं, शौच तिथून पिशवीत येते) कायमची आहे, पोटाच्या डाव्या बाजूला.

पिशवी ती स्वतः बदलते. अडचण घामाची आणि कमरेची. उन्हाळ्यात इकडे पारा ४५ च्या घरात जातो, पिशवीची कातडीला चिकटणारी चकती कडेने सुटते, गळती होते. कातडी सोलली की ओलसर जागेवर नवी चकती धरतच नाही. परकराची नाडी नेमकी स्टोमावर, म्हणजे आतड्याच्या त्या तोंडावर येते. दिवाळीच्या सुमारास वेचणी ऐन भरात असेल. कमरेला कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकायचं, म्हणजे सगळा भार तिथंच.

घरी बस म्हटलं तर ऐकत नाही, आणि मला तिचंच पटतं. मजुरी गौण, बायांची सोबत हवी आहे तिला. लग्नाच्या पंगती तर सोडल्याच. "माह्याजवळ कोन बसन?" म्हणते. वास येत नाही हो, पण पोटातला वारा आवाज करून सुटतो, त्यावर ताबा नाही.

शेतकाम करणारं कोणी आहे का इथे? पट्टा वापरता का? पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत असते म्हणतात, तिचा अनुभव?

प्रतिसाद (अमरावतीहून):
आधी एक बघा, चकतीचं भोक अजून सुरुवातीच्याच मापाने कापता का? ऑपरेशननंतरच्या सहा-आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा आकसतो. भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त ठेवलं की शौच कातडीला लागते. माझ्या वडिलांचं तेच होत होतं. सोललेल्या जागी स्टोमा पावडर टाकून जास्तीची झटका. खोबरेल अजिबात नको, चिकटा धरत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. जास्तीच्या चकत्या टिनाखाली ठेवू नका, उन्हाने चिकटा बिघडतो.

ओटीऐवजी खांद्यावरून झोळी घेऊ द्या. भरलेलं गाठोडं मात्र दुसऱ्याने उचलावं, स्टोमाशेजारी हर्निया होतो. पट्टा सर्जनला विचारून, स्टोमासाठीचाच घ्या.

धुण्याची पद्धत डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत चालू शकते. जमली तर दिवसभर पिशवीत फारसं काही येत नाही. पण सर्जनच्या परवानगीनेच, आणि पहिल्यांदा नर्ससमोर शिकून. टाटा हॉस्पिटलला फॉलोअपला जात असाल तर तिथं स्टोमा क्लिनिक आहे, तिथं विचारा.

स्टोमाचं माप घेऊन इथेच कळवा.