जुन्या स्प्राइट कॅरॅव्हनच्या छतावरची झडप: मूळची दुरुस्त करावी की नवी बसवावी?

डर्बीशायरकर

नमस्कार. आमच्याकडे १९६०च्या दशकातली, इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या कारखान्यात तयार झालेली स्प्राइट आल्पाइन ही कॅरॅव्हन, म्हणजे मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर, आहे. छताच्या मधोमध हवा-उजेडासाठी असलेल्या झडपेची ॲल्युमिनियमची चौकट अजून सरळ आहे, परंतु तिच्यावरचे ॲक्रिलिकचे घुमटाकार झाकण पिवळे पडून चारही कोपऱ्यांत तडकले आहे. आधीच्या मालकाने चौकटीभोवती सिलिकॉनचे थरावर थर चढवले असून वरून चिकटपट्टीही मारलेली आहे, आणि तरीही पाऊस झाला की आतल्या हार्डबोर्डवरचा तपकिरी डाग वाढतो. त्या डागावर दाबले असता बोट आत रुतते.

बाजारात ४०० × ४०० मिलिमीटरची नवी प्लॅस्टिकची झडप सहज मिळते. आमच्या छतातले भोक त्याहून थोडे मोठे आहे. नवी झडप बसवून मोकळे व्हावे, की जुनी चौकट ठेवून फक्त झाकण बदलावे? आणि सांध्यात नेमके काय भरावे? गाडीचे मूळ रूप राखता आले तर ते आम्हाला मनापासून हवे आहे, पण गळती कायमची थांबणे त्याहून महत्त्वाचे आहे.

रंधा

बोट रुतते आहे, याचा अर्थ आपला प्रश्न आता झाकणापुरता राहिलेला नाही. त्या काळातल्या ब्रिटिश कॅरॅव्हनच्या छतात वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि आतून हार्डबोर्ड किंवा प्लायवुड अशी रचना असते, आणि झडपेचे स्क्रू पत्र्यातून खाली लाकडात पकड घेतात. लाकूड कुजले की स्क्रू सैल होतात, ते सैल झाले की चौकट सांध्यावर दाब देत नाही, आणि मग वरून कितीही सिलिकॉन लावले तरी पाणी आत शिरायचे थांबत नाही. स्प्राइटची खासियतच हलके वजन आणि परवडणारी किंमत ही होती, त्यामुळे तिच्या छतातल्या पट्ट्या मुळातच बेताच्या जाडीच्या असतात आणि थोडी कूजही त्यांना पुरते.

म्हणून आधी ओलावा मोजण्याचे यंत्र आणून झडपेच्या चारही बाजूंना, कडेपासून आत सरकत, जागोजागी मोजमाप घ्यावे. साधारण १५ टक्क्यांपर्यंत काळजी नसते. २० टक्क्यांच्या पुढे दुरुस्ती हाती घ्यावी लागते. ३० टक्क्यांच्या पुढे लाकूड खराब झाले आहे असेच धरून चालावे. पाणी छताच्या उतारावरून आत सरकत जाते, त्यामुळे डाग एका ठिकाणी आणि कूज दुसऱ्याच ठिकाणी असे बरेचदा आढळते.

चौकट काढताना घाई करू नये. जुने मॅस्टिक (सांधे बुजवायचा चिकट लगदा) केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करावे आणि प्लॅस्टिकच्या पात्याने हळूहळू सोडवावे, कारण पोलादी पाते त्या मऊ पत्र्यावर चरे पाडते आणि पुढे त्याच चऱ्यातून पाणी वाट काढते. छतावर पाय देऊ नये. वर जाणे अटळच असेल, तर सांगाड्याच्या निदान दोन आडव्या पट्ट्यांवर टेकेल अशी रुंद फळी टाकावी.

खराब लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत कापून काढावे. तिथे अर्ध्या जाडीची खाच पाडून, जलरोधक गोंद लावून नव्या पट्टीचा जोड द्यावा, आणि चौकटीखाली चारही बाजूंनी सलग लाकूड येईल असे पाहावे. कुजलेल्या लाकडावर पातळ इपॉक्सी ओतून ते कडक करण्याची पद्धत आहे, पण स्क्रू जिथे पकड घेणार तिथे मी ती मान्य करणार नाही.

चौकट सरळ आहे असे आपण म्हणता, तर ती ठेवावी. नव्या झडपेसाठी भोक लहान करायला लाकूड घालावे लागेल, वरच्या पत्र्यालाही ठिगळ द्यावे लागेल, आणि त्या ठिगळाची प्रत्येक कड म्हणजे गळण्याची एक नवी जागा. शिवाय बाकदार छतावर सपाट बुडाची प्लॅस्टिकची झडप आवळून बसवली की तिच्या कोपऱ्यांवर कायमचा ताण राहतो.

पाऊसपाणी

रंधा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी नव्या झडपेचा पर्याय पूर्ण बाद करू नये. चौकटीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी धरली असेल किंवा स्क्रूच्या भोकांभोवती पत्रा खाल्ला गेला असेल, तर ॲल्युमिनियम आणि साधे पोलादी स्क्रू यांच्यात ओलाव्यामुळे गंजण्याची क्रिया बरीच पुढे गेलेली असते, आणि अशी चौकट जपण्यात फारसे हाशील नाही. पुन्हा बसवताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत आणि प्रत्येकाच्या मानेला मॅस्टिक लावावे, म्हणजे दोन धातूंमध्ये पाणी साचणार नाही.

सांध्यासाठी घट्ट न होणारे ब्युटिल मॅस्टिक हेच योग्य. ते चौकटीच्या कडेखाली दाबले जाऊन बसते, छत तापले-निवले तरी सोबत हलते, आणि पुढे कधी झडप काढावी लागली तर पत्रा न वाकता सुटते. पॉलियुरेथेनचा गोंद इतका घट्ट धरतो की काढताना पातळ पत्राच फाटू शकतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर ॲल्युमिनियमवर अजिबात नको. त्यातून निघणारे ॲसेटिक ॲसिड धातूला खाते, आणि त्याचा पुसट थर मागे राहिला तरी त्यावर पुढचे काहीही चिकटत नाही. आपल्याकडचे सगळे सिलिकॉन खरवडून काढणे हेच या कामातले सर्वांत कष्टाचे काम ठरेल, आणि त्यात कसूर केली तर बाकीची मेहनत वाया जाईल.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जुन्या झडपांमध्ये त्या बंद असतानाही हवा जात राहावी म्हणून फट ठेवलेली असते, आणि गळतीला कंटाळलेले लोक नेमकी तीच फट बुजवतात. गॅसची शेगडी पेटवली जाते अशा लहानशा बंद जागेत ही फट जिवाच्या सुरक्षिततेसाठी आहे, कारण हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. नवी झडप घेतलीत तर कायम हवा खेळती ठेवणारा प्रकारच मागावा. काही झडपा फटीच्या आणि बिनफटीच्या अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्रही आत असावे.

डर्बीशायरकर

दोघांचेही मनापासून आभार. चौकट काढून पाहिली. धातू चांगला आहे. झडपेच्या पुढच्या बाजूची लाकडी पट्टी मात्र पूर्ण बदलावी लागेल. घुमटाकार झाकण साच्यातून घडवून घेणे खर्चाचे दिसते, म्हणून सपाट ॲक्रिलिक पत्रा कापून बसवण्याचा विचार आहे. तो पुन्हा कोपऱ्यांत तडकू नये यासाठी काय करावे? शिवाय पाऊस नसतानाही सकाळी चौकटीवरून थेंब पडतात, ते कशामुळे?

रंधा

जुने झाकण नेमके कोपऱ्यांतच तडकले, यामागे बहुधा घट्ट आवळलेले स्क्रू आहेत. ॲक्रिलिक तापले की ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटरचा तुकडा हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत ५० अंशांचा फरक सोसतो असे धरले, तर तो सुमारे १.४ मिलिमीटर वाढतो, चौकट मात्र अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून ॲक्रिलिकच्या पत्र्यातली भोके स्क्रूपेक्षा निदान दोन मिलिमीटर मोठी ठेवावीत, त्यांच्या कडा गुळगुळीत कराव्यात, डोक्याखाली रुंद रबरी वॉशर घालावेत आणि वॉशर दबू लागताच आवळणे थांबवावे. खाली निमुळते होत भोकात बुडणाऱ्या डोक्याचे स्क्रू टाळावेत, कारण ते पाचरीसारखे भोक फाकवतात. सपाट पत्र्यावर पाणी साचते, तेव्हा बिजागरीच्या बाजूला थोडी उंची देऊन उतार काढावा. पुसायला कोमट साबणपाणीच घ्यावे. थिनर किंवा स्पिरिटने ॲक्रिलिकवर केसासारख्या बारीक चिरा पडतात.

पाऊसपाणी

सकाळचे थेंब म्हणजे बहुधा श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ आहे, जी रात्री थंड पडलेल्या धातूवर पाणी होऊन ठिबकते. चौकटीच्या आतल्या बाजूला बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची पातळ पट्टी लावल्यास ते बरेच कमी होईल. हवेची फट मात्र झाकू नये.

खरी गळती तपासायची असेल, तर बसवलेल्या झडपेवर नळीने पाणी सोडताना खालच्या कडेपासून सुरुवात करावी आणि थोड्या थोड्या वेळाने वर सरकावे, म्हणजे आत पाणी दिसताच कोणती बाजू चुकली ते कळते. एकदम वरून पाणी ओतले तर काहीच समजत नाही. हे सगळे हार्डबोर्ड परत लावण्यापूर्वी करावे. शिवाय ब्रिटनमध्ये मोटरवेवर कॅरॅव्हन ताशी ६० मैलांपर्यंत ओढता येते, आणि त्या वेगात वारा झाकण उचलू पाहतो. जुन्या खिट्ट्या झिजलेल्या असतील तर त्या बदलून आतून एक जादा कडीही बसवून घ्यावी.